आक्काची चाळीस पानं

चूक माझ्या फुशारकीची. दिवाळीच्या सुट्टीत भाची नगरहून माझ्याकडं पाथर्डीला आली होती. ऑफिसच्या पत्रात मी आता अहिल्यानगर टाईप करते, तोंडात मात्र नगरच येतं. ती तिथं बी.एस्सी.ला आहे, दुसऱ्या वर्षाला. मी करंज्या तळत होते आणि ती कातण्याने कडा कापत होती. कापता कापता मधेच म्हणाली, "मावशी, आई बोलायची कशी?"

"कशी म्हणजे? लई बोलायची."

"तसं नाही गं. काय बोलायची? पप्पांना विचारलं की म्हणतात, चांगली होती. आजी म्हणायची, गुणाची होती. चांगली नि गुणाची तर मेलेली सगळीच माणसं असतात."

तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणायचे. ही तीन वर्षांची असताना आक्का गेली. कावीळ अंगात मुरली होती, आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. दाजी मुळातच कमी बोलणारे, आक्का गेल्यावर तर हूं आणि न्हाई एवढ्यावरच आले. आक्काचे फोटो दोनच आहेत. एक लग्नातला, त्यात मान खाली. दुसरा मतदानाच्या कार्डावरचा, त्यात ती कुणाचीही बहीण वाटते. तेव्हा आमच्याकडचा मोबाईल बटणांचा होता, त्यात आवाज साठवता येतो हेसुद्धा कुणाला माहीत नव्हतं.

मी झारा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझी आई माझ्याकडं आहे. चाळीस पानं. तिनं सांगितलेली आणि मी टाईप केलेली. शब्दन् शब्द."

पोरीच्या हातातलं कातणं थांबलं. "आणि हे तू आत्ता सांगतीस?"

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी आजही लोकांना दोनदा सांगते, एकदा ओळख करून देताना आणि एकदा निघताना. आक्का चौथीपर्यंत शिकली. तिच्या लग्नानंतर ती आणि दाजी दर साली दसरा झाला की टोळीबरोबर राहुरीकडं ऊस तोडायला जायची. टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. आक्का स्वतःची ओळखच तशी सांगायची, "मी अर्धा कोयता."

मी पाथर्डीच्या कॉलेजात होते. सुट्टी लागली की मी तिच्या कोपीवर जायचे. कोपी म्हणजे उसाचं वाळकं पाचट, बांबू आणि ताडपत्रीचं खोपटं. ही भाची तेव्हा झोळीत असायची, पुढं पुढं पायाशी लुडबुडायला लागली. आक्का आणि दाजी उसाच्या फडात गेली की पोर सांभाळायचं काम माझं. आमच्या एका प्राध्यापकांनी नवीन लॅपटॉप घेतल्यावर जुना मला दिला होता. जाडजूड, काळा, दप्तराचं वजन दुप्पट करणारा. मला लिपिकाच्या नोकरीसाठी मराठी टायपिंग पास व्हायचं होतं. टायपिंगच्या क्लासमधले सर म्हणायचे, "पुस्तक बघून टायपणं कुणालाही जमतं. घरी कुणाला तरी बोलायला लावा. हात कानाच्या मागं पळाला पाहिजे."

मग मी आक्कालाच बोलायला लावलं. दुपारी दाजी गाडी भरून कारखान्यावर जायचे आणि तिथं वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत अडकून पडायचे. तेवढा वेळ आक्काचा. ती कोपीच्या दारात बसून कोयत्याला कानस लावायची आणि मी समोर पोत्यावर लॅपटॉप घेऊन. बॅटरी पाऊण तास टिकायची. काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर चार्ज करून आणलेली असायची.

"सांग काहीतरी," मी म्हणायचे.

"काय सांगू? उसाचं सांगू? उसाचं सांगून तोंडाचं पाचट झालं."

"काहीबी सांग. माझा हात चालला पाहिजे."

"हात चालवायचाय तर ये की फडात. कोयता देते."

पण सांगायला लागली की थांबायची नाही. मुकादमाच्या बायकोची नक्कल, शेजारच्या कोपीतलं भांडण, बैलाचे नखरे, स्वतःच्या सासूला मनातल्या मनात दिलेली उत्तरं. कानशीचा खसखस आवाज आणि माझ्या बोटांची टकटक. दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी टायपिंग पास झाले, परीक्षा दिली, लिपिक झाले. लॅपटॉप कपाटात गेला.

हे सगळं मी भाचीला सांगितलं आणि शेवटी पुन्हा म्हणाले, "शब्दन् शब्द."

लॅपटॉप काढला. सुरू झाला, पण काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या ओळखीच्या एकानं त्यात नवी विंडोज टाकून दिली होती, "चांगला पळंल" म्हणून. पळायचं सोडा, त्याला उठून बसायलाच पाव तास लागत होता. जुनं सगळं मात्र त्यानं डी ड्राइव्हमध्ये नीट ठेवलेलं. तिथं माझी चाळीस पानं होती, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत महिन्यांची नावं दिलेली. उघडली तर नुसती खिचडी. इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि ओ. तेव्हाचा मराठी फॉन्ट जुन्या पद्धतीचा. त्याचं सॉफ्टवेअर असलं तरच अक्षर दिसणार, आणि ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालायला तयार नाही. भाचीनं मोबाईलवर शोधून दोन ठिकाणी रूपांतर करून पाहिलं. निम्म्या वेलांट्या उडाल्या, जोडाक्षरं फुटली.

"काहीतरी आहे खरं," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "म्हणजे आई इथं आहे, पण बुरखा घेऊन."

दुकानात नेला तर दुकानदार हसला. "म्याडम, ह्याला आता हार घाला. ती जुनी एक्सपी विंडोज टाकायची? एक्सपीची सीडी मागायला पाच-सहा वर्षांत कुणी आलं नाही माझ्याकडं."

सीडी जामखेडला सापडली. माझ्याबरोबर नोकरीला लागलेली एक बाई बदलून तिकडं गेली होती, ती काहीच टाकून देत नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी एस.टी.नं जाऊन घेऊन आले. तिनं सीडी फडक्यात गुंडाळून दिली होती, पोळ्या देतात तशी. म्हणाली, "तू अजून तिथंच का गं? लोक कुठं गेले!" मी म्हणाले, मला तिथंच जायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी उरकून आम्ही बसलो. लॅपटॉप खिडकीजवळच्या टेबलावर. डी ड्राइव्ह भाचीनं आधीच पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. सीडी आत सरकवली. निळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली, आणि त्या अक्षरांनी सांगितलं की ह्या यंत्रात हार्ड डिस्कच नाही.

"आत्ता तर होती!" भाची म्हणाली.

हे मला माहीत होतं. जुन्या विंडोजला पुढच्या काळातली डिस्क ओळखता येत नाही, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कला जुन्या पद्धतीनं वागायला सांगावं लागतं. प्राध्यापकांनी मला हे एकदा करून दाखवलं होतं. बोटांना आठवलं. भाचीच्या डोळ्यांत जरा कौतुक दिसलं आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग फाईल कॉपी व्हायला लागल्या. पिवळी पट्टी साठ टक्क्यांच्या पुढं गेली आणि अडकली. सीडीवर ओरखडा. पुन्हा प्रयत्न करायचा तर एंटर दाबा, ती फाईल सोडून द्यायची तर दुसरं बटण. मी एंटर दाबत राहिले. सातव्या वेळी सीडी काढून लुगड्याच्या जुन्या मऊ तुकड्यानं मधून कडेकडं पुसली. अकराव्या वेळी पट्टी सरकली. पोरीनं टाळ्या वाजवल्या.

पुढं पडद्यावर आलं की अजून एकोणचाळीस मिनिटं. ह्या एकोणचाळीस मिनिटांवर एक्सपी नेहमीच बसून राहायची, कुणी समजूत घालायला यावं तशी. आम्ही चहा केला. पडद्यानं तारीख विचारली तेव्हा भाची म्हणाली, "ही बघ, कुठल्या काळातली दाखवतीये. आतली छोटी बॅटरी गेली असणार. तारीख बदलू?"

मी तारीख बघितली. तेव्हा ही जन्मायची होती. आक्काच्या लग्नाला वर्ष झालं असेल नसेल.

"राहू दे," मी म्हणाले.

तिनं पुढं जा म्हणून बटण दाबलं.

आणि मग ती टेकडी आली. ज्यांनी त्या काळात कॉम्प्युटर बघितलाय त्यांना ती माहीत आहे. हिरवी गुळगुळीत टेकडी, वर निळं आभाळ, पांढरे ढग. पंधरा वर्षांत मी ती बघितली नव्हती. बघताक्षणी मी मोठ्यानं हसले.

"काय झालं?"

"तुझी आई. पहिल्यांदा लॅपटॉप उघडला तेव्हा कानस थांबवून बघत बसली होती. म्हणाली, 'ह्ये कुठलं रान गं? एवढं हिरवं हाय आन् चरायला एक शेरडू न्हाई. मालक लई खट दिसतोय.'"

भाची हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं. तिनं ओठ हलवत ते पुटपुटून पाहिलं. "मालक लई खट दिसतोय." आमच्या पाथर्डीच्या उघड्याबोडक्या डोंगरांखाली वाढलेल्या माणसाला त्या टेकडीवर दुसरं काय सुचणार?

टायपिंगचं सॉफ्टवेअर डीमध्येच होतं. टाकलं. फॉन्ट टाकला. मी भाचीला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागं उभी राहिले, पदर खोचून, एखाद्या कार्यक्रमाला पाहुणी आणल्यासारखी. म्हणाले, "उघड. ऑक्टोबर. मोठ्यानं वाच."

अक्षरं नीट आली होती. एकसुद्धा वेलांटी हलली नव्हती.

ती वाचायला लागली. "'माझी थोरली बहीण शेतात काम करते. ती अतिशय कष्टाळू आहे. आमच्या घरासमोर हिरवीगार शेती आहे. सकाळी पक्ष्यांची किलबिल ऐकू येते. निसर्ग खूप सुंदर आहे.'" तिनं मागं वळून पाहिलं. "हे आई बोलायची?"

"पुढं वाच."

"'दुपारी आम्ही सर्वजण एकत्र बसून जेवतो. माझ्या बहिणीला स्वच्छता आवडते. शेजाऱ्यांशी आमचे प्रेमाचे संबंध आहेत.'"

तिनं नोव्हेंबर उघडलं. डिसेंबर उघडलं. सगळीकडं तेच. घर, शेती, कष्ट, निसर्ग. ऊस हा शब्द चाळीस पानांत नव्हता. कोपी नव्हती, कोयता नव्हता, मुकादमाची बायको नव्हती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "ह्यात आई कुठंय?"

मी पलंगावर बसले. तेव्हा मला आठवलं. खरं सांगायचं तर आठवलं नाही, मी ते विसरायचं थांबवलं. टायपिंगच्या क्लासमध्ये शनिवारी पानं छापून न्यावी लागायची. सर ती वर्गासमोर चाळायचे, एखादं चांगलं वाटलं तर वाचून दाखवायचे. वर्गात पेठेतल्या दुकानदारांच्या मुली, मास्तरांच्या मुली. मी त्यांना सांगितलं होतं की माझ्या बहिणीचं घर बागायती आहे. म्हणून कोपीवरून परत आले की मी एसटी स्टँडाजवळच्या दुकानात प्रिंट काढण्याआधी बसायचे आणि आक्का जे बोलली होती ते एकेक ओळ पुसून त्या जागी हे लिहायचे. आणि त्याच नावावर सेव्ह करायचे. सरांनी एकदा वाचूनही दाखवलं होतं, "बघा, ग्रामीण जीवनाचं किती सुंदर वर्णन." मला केवढा अभिमान वाटला होता.

शब्दन् शब्द, म्हणे.

हे मी भाचीला सांगितलं. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिनं तसं काही केलं नाही. मग म्हणाली, "तुला लाज वाटायची आमची?"

"व्हय," मी म्हणाले. बऱ्याच वर्षांनी तोंडातून व्हय निघालं. ऑफिसात मी हो म्हणते.

"आईला कळलं होतं?"

"तिला वाचून दाखवायला लागले की म्हणायची, 'वाचू नगं. मी बोलल्याली हाय, मला ठावं हाय.'"

ती पुन्हा पडद्याकडं वळली. "'शेजाऱ्यांशी आमचे प्रेमाचे संबंध आहेत,'" तिनं पुन्हा वाचलं, पण आता वेगळ्या आवाजात, चिडवत. "हे काय पुसून लिहिलंस?"

आणि मला ते ऐकू आलं. खरंच. पुसताना मला ती ओळ कशी पुसावी कळत नव्हतं, मी दुकानात बसून हसत होते, म्हणून ती लक्षात राहिली असणार. "शेजारणीनं आमचं वाढं उचललं," मी म्हणाले. वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांचा चारा. "तुझी आई म्हणाली, 'मी तिला म्हन्लं, बाई, वाढं न्ह्यायचं तर ने, पर बैल बी घिऊन जा, त्यो आता तुझ्याकडंच बघतुया.'"

भाचीनं खुर्ची सोडली. "बस इथं."

"कशाला?"

"मी वाचते, तू टाईप कर. एक ओळ तुझी, तिच्याखाली तिची."

"तूच कर की टाईप."

"मला हा कीबोर्ड येत नाही. आणि हात कानाच्या मागं पळाला पाहिजे म्हणालीस ना?"

मी बसले. कीबोर्डच्या मधल्या ओळीवर बोटं ठेवली. ती कठीण, उंच बटणं. ती वाचायची आणि मी थांबायचे, थोडा वेळ काही येत नसे, मग एकदम यायचं. 'माझ्या बहिणीला स्वच्छता आवडते' ह्याच्या खाली आलं की चिखलातून गाडी काढताना मुकादम पडला आणि आक्का म्हणाली, "पहिल्यांदा राबल्यागत दिसतुया." 'दुपारी आम्ही एकत्र बसून जेवतो' ह्याच्या खाली आलं की तिनं भाकरी बैलगाडीच्या धुऱ्यावर बसून चालत्या गाडीत खाल्ली आणि हिला एका मांडीवर धरून दूध पाजलं, आणि वर म्हणाली, "आमची बाय हलत हलतच मोठी व्हनार."

हे टाईप करताना मागं वाचणं थांबलं होतं. मी वळले नाही.

ती म्हणाली, "मावशी, हे खरं आहे ना? का मला बरं वाटावं म्हणून आत्ता रचतीस? एकदा रचलं होतंस."

मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी म्हणाले, "जे आठवत नाही तिथं जागा सोडीन. तू बघ."

त्या एका दिवसात ऑक्टोबर झाला. सुट्टी संपेपर्यंत डिसेंबरच्या निम्म्यापर्यंत आलो. आता ती शनिवारी नगरहून येते, एसटीनं, आणि आम्ही खिडकीशी बसतो. लॅपटॉप तापतो, मधेच बंद पडतो, तारीख पुन्हा मागं जाते. आम्ही ती बदलत नाही. काही ओळींखाली दोन दोन, तीन तीन ओळी आल्या आहेत. बऱ्याच ओळींखाली काहीच नाही. 'निसर्ग खूप सुंदर आहे' ही ओळ तर मी नऊ ठिकाणी लिहिलीये. ती नऊ वेळा लिहायला मी आक्काचं काय काय पुसलं असेल? त्यातलं एकही अजून आठवलेलं नाही. भाची ती ओळ आली की वाचते, थांबते, माझ्याकडं बघते. मी मान हलवते. मग मी एंटर दाबते, एक ओळ मोकळी सोडते आणि ती पुढचं वाचते.